घर वाचवायचंय की भाव वाढवायचाय?

'अक्का, नमस्कार. आमचं घर सोलापुरात पूर्वभागात आहे. सासऱ्यांनी बांधलेलं, अडीच गुंठ्यांत. पुढं आम्ही राहतो, मागं पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे आठ माग आणि दोन जुने कामगार. मागच्या भिंतीला लागून सरकारी कामगार वसाहत आहे, मोडकळीला आलेली. ती पाडून गरिबांसाठी नव्या इमारती होणार आहेत. नकाशात आमच्या गल्लीतली अकरा खासगी घरंही धरलीत. नोटीस आली ती सासऱ्यांच्या नावानं, ते जाऊन नऊ वर्षं झाली. गल्लीत सगळे म्हणूलालेत, जागा द्यायची नाही, रविवारी बैठक, मग मोर्चा. दीर म्हणतात, भाव चांगला आला तर देऊन मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, माझी तिरडी याच दारातून निघेल. मिस्टर बोलतच नाहीत. एकजण पाचशेच्या स्टॅम्पवर संमतीपत्र घेऊन दोनदा येऊन गेला. त्यापेक्षा वाईट म्हणजे वसाहतीतल्या ज्या बाईंशी माझी वीस वर्षांची उठबस, त्या परवा विड्या वळता वळता म्हणाल्या, "तुमच्यामुळं आमची घरं अडलीत." तेव्हापासून बोलणं बंद आहे. मी काय करू? आणि एक, जुने माग काढून रेपियर, म्हणजे बिनधोट्याचे नवे माग, घ्यायचं चाललं होतं. घेऊ की थांबू? – पूर्वभागातली एक सून'

ताई,

दिराचं, सासूबाईंचं, गल्लीचं, शेजारणीचं म्हणणं तुम्ही लिहिलंत. मिस्टरांचं गप्प बसणंही लिहिलंत. तुम्हाला स्वतःला काय हवंय ते मात्र पत्रात कुठं सापडलं नाही. सुरुवात तिथूनच करावी लागेल.

तुमच्या अकरा घरांत किमान तीन तऱ्हेची माणसं असणार. काहींना कितीही पैसे मिळाले तरी हलायचं नाही. काहींना हलायला हरकत नाही, फक्त आकडा मनासारखा हवा. आणि काहींना पैशापेक्षा मागाची काळजी आहे, कारण इमारतीच्या चौथ्या मजल्यावर माग चालत नाहीत. रविवारी हे सगळे एकाच आवाजात 'जागा देणार नाही' म्हणतील, आणि सोमवारी त्यातलेच चारजण त्या स्टॅम्पवाल्याला गाठून 'आमचं वेगळं किती?' विचारतील. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला हे नवीन नसतं. बैठकीत घोषणा ठरवण्याआधी प्रत्येक घरानं आपल्याला काय हवंय ते खरं सांगितलं, तर निम्मं काम होईल.

कारण घर वाचवण्याची वेळ वेगळी असते आणि भाव मागण्याची वेगळी. घर वाचवायचं असेल तर जे काही करायचं ते सुरुवातीला, हरकतींच्या मुदतीत. भावाची लढाई निवाड्याच्या, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशाच्या, वेळी आणि त्यानंतर. पहिली संधी मोर्चात गेली की दुसरीच हातात उरते. शिवाय हरकतीच्या अर्जात 'दर फार कमी आहे' असं लिहिलंत, तर फाइलवर नोंद होते की या बाईंची जागा द्यायला ना नाही, भांडण पैशाचं आहे. लोक रागाच्या भरात दोन्ही एकाच कागदावर लिहितात आणि घर वाचवायचा मुद्दा स्वतःच मारून टाकतात.

आता नोटीस काढा आणि डोक्यावरची पहिली ओळ वाचा. कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या कलमाखाली आहे ते तिथं लिहिलेलं असतं. गल्लीत अजून कुणी ते वाचलं नसावं असा माझा कयास आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा आणि त्याचं कलम ११ असेल, तर ती प्राथमिक अधिसूचना. ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत कलम १५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते. साठ दिवस प्रसिद्धीपासून मोजायचे, कागद तुमच्या दारात पडला त्या दिवसापासून नाही. नगररचना कायद्याचं, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपीचं नाव असेल, तर तुमच्या जागेवर आरक्षण टाकण्याचा किंवा विकास आराखडा बदलण्याचा प्रकार असू शकतो, त्याची मुदत नोटिशीतच दिलेली असते. आणि १९७१ चा झोपडपट्टी कायदा लिहिलेला दिसला, तर त्याच दिवशी वकील गाठा. त्या कायद्यात क्षेत्र झोपडपट्टी म्हणून घोषित झालं की अपिलाला ३० दिवसच मिळतात. भरपाईचं सूत्रही जुनं आहे, जागेपासून मिळणाऱ्या महिन्याच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या साठपट. स्वतःच्या पक्क्या घरात राहणाऱ्याच्या हाती त्यातून काय पडेल, हिशेब तुम्हीच करा. तुमचं घर झोपडपट्टी नाही हे त्याच अपिलात सांगायला हवं. नंतर सांगून उपयोग होत नाही.

पुढचं सगळं मी नोटीस २०१३ च्या कायद्याखाली आहे असं धरून लिहिते.

तुमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निकाल नक्की फिरत असेल, 'सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारला खासगी मालमत्ता घेता येणार नाही.' तो ५ नोव्हेंबर २०२४ चा, नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. मूळ प्रकरण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींचं. तिथल्या मालकांच्या संघटनेनं म्हाडा कायद्यातल्या संपादनाच्या तरतुदींना आव्हान दिलं होतं. बहुमतानं एवढंच ठरवलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' आपोआप ठरत नाही. सार्वजनिक कामासाठी, कायद्यानं, भरपाई देऊन जागा घेण्याचा सरकारचा अधिकार त्यानं गेलेला नाही. त्या मेसेजच्या भरवशावर कुणी हरकत द्यायची टाळत असेल, तर त्याला आधी थांबवा.

तुमच्या कामाचा निकाल दुसराच आहे, आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. १६ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात घटनेच्या कलम ३००अ खाली मालमत्ताधारकाचे सात हक्क मांडले. नोटीस मिळण्याचा, म्हणणं ऐकलं जाण्याचा, कारणांसह निर्णय मिळण्याचा, संपादन सार्वजनिक कामासाठीच आहे हे सरकारनं दाखवण्याचा, योग्य भरपाईचा, प्रक्रिया वेळेत होण्याचा आणि ती पूर्णत्वाला जाण्याचा. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून ४४व्या घटनादुरुस्तीनं कधीच निघालाय. तरी या सात पायऱ्यांतली एखादी गाळली, तर संपादन कोर्टात टिकणं अवघड होतं. म्हणून हरकत अशी लिहायची की प्रत्येक मुद्द्याला त्यांना उत्तर द्यावं लागेल.

कायद्यात हरकतीचे विषय दिलेत: जागेचं क्षेत्रफळ आणि योग्यता, सार्वजनिक प्रयोजनाचं समर्थन आणि सामाजिक परिणाम अभ्यासाचे निष्कर्ष. तुमचा खरा मुद्दा पहिल्यात आहे. वसाहतीची जागा सरकारची आहे. घरं तिथल्या रहिवाशांसाठी बांधायची आहेत. मग अकरा खासगी घरं कशाला लागतात? याचं उत्तर नकाशात असतं. रस्ता रुंद करायला, अग्निशमनाची गाडी वळायला जागा हवी असेल, तर तुमची बाजू थोडी नरम आहे. अशा वेळी अख्खं घर न देता पट्टी देऊन सुटता येतं का, ते बघायचं. पण तुमच्या जागेवर विक्रीच्या इमारती किंवा दुकानांचे गाळे आखलेले असतील, तर गरिबांच्या घरांच्या नावाखाली जागा कशासाठी चाललीय, हा तुमचा सगळ्यात जोरदार प्रश्न. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून सविस्तर प्रकल्प अहवाल, मंजूर नकाशा आणि संयुक्त मोजणीचा कागद मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून अर्ज आजच टाका. उत्तर यायच्या आत साठ दिवस संपत असतील तर हरकत आधी देऊन टाका आणि 'कागद मागितलेत, मिळाल्यावर जादा म्हणणं मांडीन' असं तिच्यात लिहा.

सामाजिक परिणाम अभ्यासाबद्दल एक अडचण आहे. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून काही प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची सोय केली, आणि त्यात गरिबांची घरं येतात. 'अभ्यास झालाच नाही' असं म्हणायच्या आधी सुटीची राजपत्रातली अधिसूचना आहे का ते विचारा. असली तर तो मुद्दा सोडा. नसली तर मात्र तो पहिला मुद्दा करा.

अर्ज प्रत्येक घरानं वेगळा द्यायचा. गल्लीचं एक निवेदन आणि खाली चाळीस सह्या हा आपल्याकडचा आवडता प्रकार, फोटोला चांगला दिसतो, पण सुनावणीचा हक्क ज्याच्या-त्याच्या हरकतीवर उभा राहतो. आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. सुनावणीत स्वतः बोलता येतं किंवा वकील देता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे अजून पुष्कळ बायकांना माहीत नाही. आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलंच, तर आता मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

आता थोडं कडू. सासऱ्यांच्या नावानं आलेली नोटीस चुकीची आहे म्हणून तुम्ही कुणी खूश होऊ नका. नऊ वर्षांत वारस नोंद झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नावं लावून घ्या, आणि तोवर हरकतीत सगळ्या वारसांची नावं द्या. सासऱ्यांनी स्वतः घेतलेली मालमत्ता आणि मृत्युपत्र नसेल, तर वारस म्हणजे सासूबाई, दोन्ही मुलगे आणि मुली असतील तर त्याही, सगळे सारख्या वाट्याचे. त्यात तुमचं नाव येत नाही. म्हणूनच मिस्टरांचं गप्प राहणं परवडणारं नाही. सही त्यांची लागणार आहे. जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नका, सासूबाई आणि दीर समोर असताना ते तोंड उघडणार नाहीत. शेडमध्ये माग बंद असतील तेव्हा, दोघंच असताना विचारा, 'तुम्हाला इथं राहायचंय का?' एवढंच. भावाचं काही विचारू नका.

दिरांनाही शत्रू समजू नका. देऊन मोकळं व्हावं असं वाटणं हा गुन्हा नाही. यंत्रमागाच्या धंद्यात आज मुलांना घालावं असं किती घरांना वाटतं ते तुम्हालाच माहीत. फक्त त्यांच्या एकट्याच्या सहीनं घर जात नाही, आणि सासूबाई नको म्हणत असतील तर त्यांचा वाटा त्यांचाच आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. सासूबाईंसाठी आणखी एक. या कायद्यात विधवा बाईचं कुटुंब स्वतंत्र धरलं जातं. पुनर्वसनाची यादी होईल तेव्हा त्यांची नोंद तुमच्यात मिसळू देऊ नका. तुमच्या दोन कामगारांचंही बघा. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जागेवर काम करत असलेले आणि ज्यांची रोजीरोटी त्यामुळं जाते, तेही बाधित कुटुंबांत येतात. त्यांच्या पगाराचा काही लेखी पुरावा आहे का? हजेरीची वही असली तरी जपून ठेवा.

तो स्टॅम्पवाला पुन्हा आला तर चहा द्या, सही देऊ नका. त्याला 'मसुद्याची प्रत ठेवून जा, वकिलाला दाखवते' एवढं म्हणा, आणि मग तो किती दिवसांनी येतो ते बघा. राजीखुशीनं जागा देणं हा कायदेशीर मार्ग आहे, त्यात वावगं काही नाही. पण कोण घेतंय, कुठल्या अधिकारानं, पैसे कधी, ताबा कधी, माग हलवायचा खर्च कुणाचा, हे ज्या कागदावर नाही त्या कागदावर कुणा वारसाची सही नको.

भावाचं थोडक्यात सांगते, कारण आत्ता ती वेळ नाही. शहरात ढोबळमानानं बाजारभाव, त्यावर बांधकामाची किंमत, आणि या सगळ्याच्या शंभर टक्के, म्हणजे तेवढीच आणखी, दिलासा रक्कम. बाजारभाव ठरवताना सरकारी दर आणि शेजारपाजारच्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतली वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांत जे जास्त ते धरतात. इथं आपल्या पेठांची जुनी खोड अंगावर येते. मुद्रांक वाचवायला खतात कमी किंमत लिहायची आणि बाकीचे रोखीत, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. आता तीच खतं तुमच्या घराची किंमत सांगणार. त्यावर इलाज म्हणजे खऱ्या किमतीची खतं हुडकून निवाड्याआधी दाखल करणं. निवाडा झाला आणि रक्कम कमी वाटली, तर पैसे निषेध नोंदवूनच उचला. मुकाट्यानं उचलले तर वाढीव भरपाई मागायचा हक्क जातो. आणि त्यांनी फक्त मागची शेड मागितली तर कलम ९४ लक्षात ठेवा. घराचा तुकडा तोडून घेणं मालकाला मान्य नसेल, तर पूर्ण घर घ्या असं तो सांगू शकतो.

आता तुमच्या शेजारणीकडे येते, मला तुमच्या पत्रात तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्या चुकीचं बोलल्या, पण का बोलल्या ते बघा. पावसाळ्यात स्लॅब गळतो, भिंतीचं प्लास्टर सुपातल्या पानांवर पडतं, आणि कुणीतरी येऊन सांगितलं की पुढच्या गल्लीतले मालक आडवे आलेत म्हणून काम थांबलंय. तुम्हाला दोघींना एकमेकींसमोर उभं करणं कुणाच्या तरी सोयीचं आहे. या शहरात कामगारांच्या घरांना विरोध करणारी गल्ली, असा शिक्का तुमच्यावर बसला तर तो पुसणं कठीण. सोलापूरनं कुंभारीत विडी कामगारांचं गोदूताई परुळेकर नगर बघितलंय, दहा हजार घरांचं. नंतर त्याच गावात कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं तीस हजार घरांचं रे नगर उभं राहायला लागलं, आणि त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. तिथं कामगारांच्या स्वतःच्या संस्था पुढं होत्या, त्यांनी आपला हिस्सा भरला होता. तुमच्या मागच्या वसाहतीत रहिवाशांना कुणी काही विचारलंय का?

दुपारी त्या विड्या वळायला बसतात त्या वेळी जा. आपली बाजू मांडू नका. त्यांना विचारा, पात्र लोकांच्या यादीत तुमचं नाव आहे का? घर पाडल्यावर बांधून होईपर्यंत तुम्हाला कुठं ठेवणार, त्याचं भाडं कोण देणार? परत इथंच घर मिळेल हे कुठं लिहून दिलंय? माझा अंदाज असा की यातल्या एकाचंही उत्तर त्यांच्याजवळ लेखी नसेल. ते नसेल तर त्यांचं घर तुमच्यापेक्षा जास्त धोक्यात आहे, कारण तुमच्याजवळ मिळकत पत्रिका तरी आहे.

मग दोघींनी मिळून मागता येईल अशी एक गोष्ट आहे. वसाहतीच्याच आवारात मोकळी जागा असेल, तर पहिली इमारत तिथं बांधा, पहिली काही कुटुंबं सरळ नव्या घरात जाऊ द्या, मग जुनी चाळ पाडा आणि पुढची उभी करा. असं झालं तर त्यांना संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं राहावं लागणार नाही, आणि तुमची अकरा घरं खरोखर लागतात का हेही उघडं पडेल. वसाहतीतल्या शंभर कुटुंबांनी ही मागणी लिहून दिली, तर तुमच्या हरकतीला जे वजन येईल ते कुठल्या मोर्चानं येणार नाही. त्या नाही म्हणाल्या तर नाही. बोलणं तरी सुरू होईल.

रविवारच्या बैठकीला तुम्ही स्वतः जा, मिस्टरांना पाठवून घरी बसू नका. नोटिशीची प्रत न्या, कलम मोठ्यानं वाचा आणि शेवटची तारीख भिंतीवर लिहायला लावा. मोर्चा काढायचा असेल तर हरकती दाखल झाल्यावर काढा. मी मोर्चाच्या विरोधात नाही, पण तारीख चुकली तर मोर्चानं ती परत येत नाही.

रेपियरचं विचारलंत. मी यंत्रमागातली नाही, त्यामुळं धंद्याचं गणित तुमच्या घरच्यांनीच करावं. जागेच्या बाजूनं एवढं सांगते: माग उचलून नेता येतो, शेड नेता येत नाही. म्हणून शेड वाढवायला, नवा पाया घालायला किंवा वीजभार वाढवून घ्यायला आत्ता कर्ज काढू नका. अधिसूचना निघालेली असली तर त्या जागेचा व्यवहारही परवानगीशिवाय करता येत नाही, त्यामुळं घर तारण ठेवून माग घेण्याचा विचार असेल तर तो सोडाच. धंदा दुसरीकडे हलवावा लागला तर त्याचा वाजवी खर्च भरपाईत मागता येतो, पण तो पुराव्यावर मिळतो. म्हणून आठही जुने माग जागेवर चालू असताना फोटो काढा, वीज बिलं आणि उद्यम नोंदणीचा कागद एका फाइलीत लावा, आणि त्या फाइलीची एक प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. जुने माग विकायचे असले तरी हे झाल्यावरच विका.